चांदीची शमादानं आणि एक कर्जबाजारी अर्ल

मागे ऑनसाइट लंडनला होतो तेव्हा एका पावसाळी शनिवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शिरलो (प्रवेश फुकट, हे एक कारण!) आणि चांदीच्या दालनात अडकलो. काचेआड अठराव्या शतकातली शमादानं. मला वाटलं, उमरावांचा नुसता भपका. नंतर थोडं वाचलं तेव्हा कळलं की ही त्यांची फिक्स्ड डिपॉझिटं होती.

कसं ते सांगतो. तेव्हा नाणी चांदीची आणि शमादानंही चांदीची. अडचण आली की वितळवायची. मजुरी बुडायची, चांदी नाही. यादवी युद्धात, १६४३ मध्ये, ऑक्सफर्डच्या कॉलेजांची चांदीची भांडी पहिल्या चार्ल्सच्या टांकसाळीत अशीच गेली. पण चांदी खरी कशावरून? तर शिक्क्यांवरून. चालता सिंह म्हणजे १००० तले ९२५ भाग शुद्ध, एक अक्षर म्हणजे वर्ष, शिवाय कारागिराची खूण. आपल्या भाषेत व्हर्जन नंबर! बऱ्याचदा तळाशी वजनही कोरलेलं असे. म्हणजे चेकसम. कुणी हात मारला तर लगेच कळणार.

यातला सगळ्यात पक्का हिशेबी म्हणजे जॉर्ज बूथ, वॉरिंग्टनचा दुसरा अर्ल. १६९४ मध्ये, विशीही गाठलेली नसताना, त्याच्याकडे डनहॅम मॅसीची इस्टेट आली आणि सोबत बापाचं कर्ज. १७०२ मध्ये त्याने लंडनच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं. हुंडा ४०,००० पौंड! संसार काही जमला नाही. एकाच वाड्यात नवराबायको वेगवेगळे राहू लागले. १७३९ मध्ये तर त्याने, स्वभाव जुळत नसतील तर घटस्फोट मिळावा, अशी पुस्तिकाच निनावी छापली. बायकोशी पटलं नाही, पण चांदीशी पटलं. फ्रान्समधला धर्मछळ चुकवून लंडनला आलेल्या ह्यूगनॉट समाजातल्या कारागिरांकडून तो आयुष्यभर चांदी घडवून घेत राहिला, आणि १७५० मध्ये स्वतः यादी केली: वस्तू आणि तिचं वजन.

मुलगा नव्हता. १७५८ मध्ये तो गेला आणि अर्ल ही पदवी त्याच्याबरोबरच संपली. चांदी मात्र मुलीबरोबर स्टॅमफर्ड घराण्यात राहिली. पुढे १८९४ मध्ये वारसांवर नवा कर आला. १९१९ पर्यंत मोठ्या इस्टेटींवर तो ४० टक्क्यांपर्यंत चढला. अनेक घराण्यांची कपाटं त्या काळात रिकामी झाली. या चांदीतलाही मोठा भाग १९२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात गेला. १९७६ मध्ये वाडा नॅशनल ट्रस्टकडे आला, आणि ट्रस्टने त्यातल्या काही वस्तू पुन्हा विकत घेतल्या.

आमच्या आजीच्या चांदीच्या ताटावर आजोबांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं होतं. माझी इंजिनिअरिंगची पहिली फी भरली त्या वर्षापासून ते ताट दिसलं नाही. मी कधी विचारलंही नाही. या रविवारी आईला फोन करीन तेव्हा विचारीन म्हणतो.