छपरांसाठी उभारलेली रेल्वे

दिवाळीच्या सुट्टीत ज्याने अंगणात किल्ला केला आहे, त्याला हे काम समजावून सांगावे लागत नाही. विटा-दगड रचायचे, चिखलात बुडवलेले गोणपाट त्यावर पसरायचे, ओल्या मातीत अळीव पेरायचे आणि हिरवळ उगवली की मावळे मांडायचे. सुट्टी संपली की किल्ला मोडायचा. लहानग्या आगगाडीभोवती डोंगर, नद्या, गावे उभी करणाऱ्या इंग्लंड-अमेरिकेतल्या छांदिष्टांविषयी मी काही वर्षे वाचतो आहे. त्यांची कृती आपल्या किल्ल्याच्या फार जवळची आहे. फरक इतकाच, की त्यांच्यातल्या एकाने आपले काम कधीच मोडायचे नाही असे ठरवले.

सुरुवातीला देखाव्याला महत्त्व नव्हते. फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीची गाडी बाजारात आणली, तेव्हा रूळ घरातल्या जमिनीवर मांडायचे आणि खेळून झाले की उचलून ठेवायचे, अशीच रीत होती. गाडी कशी आहे हे महत्त्वाचे होते. ती कुठून जाते, हे फारसे कुणी विचारत नसे.

हा प्रश्न जॉन आहर्न यांनी गंभीरपणे घेतला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'मॅडर व्हॅली' ही काल्पनिक रेल्वे घरात उभारायला घेतली. तिला बंदर होते, गावे होती, झाडी होती आणि गाडी त्या मुलखाचाच एक भाग होती. छोट्या इमारती आणि निसर्ग कसा घडवावा, यावर त्यांनी पुस्तकेही लिहिली.

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथे, जॉन अ‍ॅलन या छायाचित्रकाराने १:८७ प्रमाणात डोंगराळ मुलूख उभा केला. त्याचे कडे जमिनीपासून थेट छताकडे चढत. जागा संपली तिथे आरसा बसवून त्यांनी रस्ता पुढे नेला. नवा चकचकीत डबा त्यांना खोटा वाटे, म्हणून गंज, काजळी, उडालेला रंग हे सारे ते हाताने रंगवत. लिन वेस्टकॉट या संपादकांनी डोंगर हलका करण्याची युक्ती लोकप्रिय केली: चुरगळलेल्या वर्तमानपत्रांच्या उंचवट्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेले कागदी रुमाल पसरायचे. सुकल्यावर पातळ, टणक कवच उरते. गोणपाट आणि चिखल आठवावा.

रंगाची अडचण मात्र वेगळी आहे. खऱ्या भिंतीचा रंग जसाच्या तसा छोट्या भिंतीवर दिला तर ती भडक दिसते. आपण खरा डोंगर दुरून पाहतो आणि मधली हवा त्याचा रंग फिका, निळसर करते. म्हणून रंगात थोडे राखाडी किंवा पांढरे मिसळावे लागते. मधले अंतरही रंगवावे लागते, असे म्हणता येईल.

मोडायचे नाही असे ठरवणारे गृहस्थ म्हणजे रॉय इंग्लंड. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२५ मध्ये ते इंग्लंड देशात आले आणि 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' या खोऱ्यातल्या गावांच्या प्रेमात पडले. पण गवताने शाकारलेली छपरे त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत होती आणि नवे साहित्य चढत होते. हे थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी घरे मोजली, छायाचित्रे घेतली आणि फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात ती पुन्हा बांधायला घेतली. या प्रमाणात साडेपाच फुटांचा माणूस २२ मिलिमीटरचा होतो. पुठ्ठ्यावर विटा-दगडांचे सांधे कोरून जलरंगांनी भिंती रंगवायच्या, असे हे काम. एकेका घराला महिने, कधी वर्षे लागत. १९५४ मध्ये त्यांनी लाँग विटनम इथली एक जुनी पबची इमारत घेतली. तिथेच पेंडन संग्रहालय वाढले. तिथले गाव काल्पनिक आहे, पण घरे खऱ्या घरांवरून मोजून केलेली. काळ १९२०-३० चा.

तिघांच्या कामाचे पुढे काय झाले, ते पाहण्याजोगे आहे. अ‍ॅलन जानेवारी १९७३ मध्ये वारले आणि काही दिवसांतच आगीने त्यांचा मुलूख गिळला. छायाचित्रे उरली. आहर्न १९६१ मध्ये गेले, पण मॅडर व्हॅलीला पुढे पेंडनमध्ये आसरा मिळाला. रॉय १९९५ मध्ये गेले, तरी त्यांचे गाव स्वयंसेवकांनी पुढे बांधत नेले. कौशल्यात अ‍ॅलन कुणाहून उणे नव्हते. पण त्यांचा मुलूख त्यांच्या एकट्याच्या हातचा आणि कल्पनेतला होता. तो जळाल्यावर पुन्हा कशावरून बांधणार? रॉय यांचे गाव मापांवर उभे होते, आणि मापे दुसऱ्याच्या हाती देता येतात.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये उघडलेल्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे हा छंद आपल्याकडेही अनेकांनी पाहिला आहे. पण आपल्या एखाद्या खऱ्या गावाचे, एका ठरावीक वर्षातले, घरन् घर मोजून असे गाव करायचे म्हटले, तर मापे कुठून आणायची?

माझ्या आजोळच्या घराची नळीची कौले उतरून पत्रे चढले, त्याला वीस वर्षे झाली. पुढे पडवीही गेली. ती किती लांब होती, हे मला सांगता येईना, म्हणून आईला विचारले. तीही आकडा सांगू शकली नाही. उठली आणि आमच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग परत अर्ध्यापर्यंत चालून म्हणाली, "इथवर." मी तिची पावले मोजली. एकोणीस भरली. ती लिहून ठेवली आहेत.