विरळ बोस वायूची तळ-ऊर्जा : एका दुरुस्तीपदाचा इतिहास

भौतिकीतील एखादे सूत्र केव्हा ‘ज्ञात’ झाले म्हणावयाचे, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. ते गणनेने हाती येते, प्रयोगाने पडताळले जाते आणि गणिती काटेकोरपणे सिद्धही केले जाते. परंतु या तीन घटना एकाच काळी घडतात असे नाही. परस्परांवर क्रिया करणाऱ्या विरळ बोस वायूच्या तळ-ऊर्जेचे सूत्र हे याचे उत्तम उदाहरण होय. या सूत्राच्या दुसऱ्या पदाची गणना १९५७ साली झाली, त्याचा स्थिरांक वायूत मोजला गेला तो २०११ साली, आणि त्याच्या सिद्धतेतील अखेरचा मोठा दुवा जुळला तो २०२० साली.

ढाका येथील सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली प्रकाशकणांची नवी सांख्यिकी मांडली. आइन्स्टाइन यांनी ती द्रव्यकणांना लावली आणि पुरेशा कमी तापमानास आदर्श वायूतील कणांचा मोठा अंश शून्य संवेगाच्या एकाच अवस्थेत गोळा होईल, असे दाखविले. हे संघनन बराच काळ केवळ गणिती कुतूहल मानले गेले. १९३८ साली द्रव हेलियमच्या अतिप्रवाहितेचा शोध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी फ्रिट्झ लंडन यांनी तिचा संबंध संघननाशी जोडला. हेलियमची घनता आदर्श वायूच्या सूत्रात घातली असता संक्रमणाचे तापमान ३.१ केल्व्हिन येते. प्रत्यक्ष संक्रमण २.१७ केल्व्हिनच्या सुमारास होते. हे साम्य लक्षणीय असले, तरी द्रवातील अणू परस्परांवर प्रबळ क्रिया करतात आणि आदर्श वायूत तिला स्थानच नाही, ही अडचण उरली.

ती दूर करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न निकोलाय बोगोल्यूबॉव्ह यांनी १९४७ साली केला. बहुतेक कण शून्य संवेगाच्या अवस्थेत आहेत असे गृहीत धरून त्यांनी त्या अवस्थेचा कारक एका साध्या संख्येने बदलला. त्यामुळे समीकरणे सोडविता येण्याजोगी झाली आणि असे दिसून आले की, अल्प संवेगाची उद्दीपने मुक्त कणांसारखी नसून ध्वनिलहरींसारखी असतात. लांडाऊ यांच्या कसोटीनुसार अतिप्रवाहितेस हेच हवे होते. परस्परक्रियेच्या मूळ रूपाऐवजी प्रकीर्णनाचे प्रमाण सूत्रात आले पाहिजे, ही सूचनाही लांडाऊ यांचीच; बोगोल्यूबॉव्ह यांनी आपल्या निबंधात तिचा उल्लेख केला आहे.

१९५७ साली त्सुंग-दाओ ली, केर्सन हुआंग आणि चेन-निंग यांग यांनी कठीण गोलांच्या बोस वायूचा विचार केला. दर कणामागील ऊर्जेचे पहिले पद घनता व प्रकीर्णन-दैर्ध्य यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हे लेंझ यांच्या १९२९ सालच्या विवेचनापासून माहीत होते. पुढील पद काढताना मात्र मोठ्या संवेगांवरील बेरीज अनंताकडे जाते. या तिघांनी आभासी परस्परक्रियेची युक्ती योजून त्या अनंताचे मूळ नेमके ओळखले व ते वजा केले. उरलेली दुरुस्ती घनता आणि प्रकीर्णन-दैर्ध्याचा घन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येते. तिचा गुणक १२८ भागिले पायच्या वर्गमुळाची १५ पट, म्हणजे सुमारे ४.८१, असा आहे.

हे सूत्र हेलियमला लागू पडत नाही. हेलियमसाठी वरील गुणाकार सुमारे ०.२ भरतो व ‘दुरुस्ती’ मूळ पदाच्या दुपटीहून मोठी होते. म्हणजे ज्या पदार्थाच्या ओढीने हा सिद्धांत जन्मास आला, तोच त्याच्या कक्षेबाहेर राहिला. परंतु गुणाकार लहान असला पाहिजे ही अट सूत्रातच स्पष्ट होती, आणि तिच्यामुळेच पुढे योग्य पदार्थ समोर येताच तो ओळखता आला.

गणिती बाजूस प्रगती मंद होती. फ्रीमन डायसन यांनी १९५७ सालीच कठीण गोलांच्या ऊर्जेच्या दोन मर्यादा सिद्ध केल्या. वरची मर्यादा पहिल्या पदाशी जुळत होती. खालची मात्र सुमारे १४ पट कमी होती. ही तफावत एलियट लीब आणि याकॉब इंगवासन यांनी १९९८ साली दूर केली. त्यांच्या सिद्धतेचे एक मुख्य साधन, आखूड व तीव्र परस्परक्रियेच्या जागी विस्तृत व सौम्य क्रिया ठेवण्याची असमता, हे डायसन यांच्या त्या अपुऱ्या ठरलेल्या अर्ध्या भागातूनच घेतलेले होते.

दरम्यान १९९५ साली बोल्डर येथे एरिक कॉर्नेल व कार्ल वीमन यांनी रुबिडियमच्या वायूत, आणि त्यानंतर काही महिन्यांतच मॅसॅच्युसेट्स येथे वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमच्या वायूत संघनन घडवून आणले. अशा वायूंत तो गुणाकार लक्षांश ते दशलक्षांश इतका लहान असतो. साहजिकच पहिले पद उत्तम जुळते. पण दशलक्षांशास दुसरे पद अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरत असल्याने ते मोजणे दुष्कर होते. चुंबकी क्षेत्राने प्रकीर्णन-दैर्ध्य वाढविण्याची सोय झाल्यावर २०११ साली पॅरिस येथे लिथियमच्या वायूत हा गुणक ४.५ मिळाला, त्रुटीची मर्यादा ०.७. पुढे दिमित्री पेत्रॉव्ह यांनी २०१५ साली दाखविले की, दोन वायूंच्या मिश्रणात आकर्षण व प्रतिकर्षण जवळजवळ परस्परांस छेदतात तेव्हा हेच लहान पद मिश्रणास कोसळू देत नाही व द्रवबिंदू बनवते. २०१६ साली स्टुटगार्ट येथील डिस्प्रोसियमवरील प्रयोगांत आढळलेल्या बिंदूंचे स्थैर्यही याच जातीच्या पदाने उलगडले.

दुसऱ्या पदाची वरची मर्यादा याउ व यिन यांनी २००९ साली, आणि खालची फुर्ने व सोलोवेय यांनी २०२० साली, परस्परक्रियांच्या विस्तृत वर्गांसाठी सिद्ध केली. तरीही एक मूलभूत प्रश्न उरतोच. सापळ्यातील विरळ वायूत, विशिष्ट मर्यादेत, संघनन होते हे लीब व सायरिंगर यांनी २००२ साली सिद्ध केले. परंतु परस्परक्रिया करणाऱ्या अमर्याद विस्ताराच्या समांग वायूत ते होते, याची सर्वसाधारण सिद्धता अद्याप मिळालेली नाही. बोगोल्यूबॉव्ह यांनी १९४७ साली जे गृहीत धरले होते, ते या अर्थाने आजही गृहीतच आहे. आणि त्यावर उभारलेल्या सूत्राची ऊर्जा मात्र दुसऱ्या पदापर्यंत सिद्ध झालेली आहे.