कुत्रा चावला, पण मालकाला ठाऊक होते काय?

बगदाद शहराच्या हद्दीत तेल हरमल नावाचे एक प्राचीन टेकाड आहे. 1940 च्या दशकात तेथील उत्खननात क्यूनिफॉर्म लिपीतील दोन मृत्पट्टिका सापडल्या. त्यांवर एश्नुन्ना या नगरराज्याचे कायदे कोरलेले होते. हम्मुराबीच्या प्रसिद्ध शिलास्तंभाहूनही ते थोडे जुने, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे. कुत्र्याच्या चाव्याबद्दल मालकाला जबाबदार धरणारा, आज ज्ञात असलेला सर्वांत जुना कायदा याच पट्टिकांवर आहे.

त्याचा आशय असा : कुत्रा खवळलेला आहे, पेठेच्या कारभाऱ्यांनी मालकाला तशी ताकीद दिली आहे, तरीही त्याने कुत्रा आवरला नाही आणि तो चावून माणूस दगावला, तर मालकाने 40 शेकेल चांदी मोजावी. दगावलेला गुलाम असेल तर 15 शेकेल.

40 शेकेल म्हणजे साधारण सव्वातीनशे ग्रॅम चांदी. याच कायद्यात मजुराची महिन्याची मजुरी धान्याखेरीज 1 शेकेल ठरवली आहे. म्हणजे एका जिवाची किंमत सव्वातीन वर्षांहून अधिक काळाच्या मजुरीएवढी! गंमत अशी, की एका माणसाने दुसऱ्याचे नाक चावून तोडले तर त्याला 60 शेकेल भरावे लागत. स्वतः चावणाऱ्याचा गुन्हा कुत्रा न आवरणाऱ्याच्या गुन्ह्याहून मोठा मानला जाई.

या कलमात साध्या जखमेचा उल्लेखच नाही, थेट मृत्यूचा आहे. ‘खवळलेला’ या शब्दाचा अर्थ अनेक अभ्यासक ‘पिसाळलेला’ असा करतात. पाश्चरने 1885 मध्ये माणसाला पहिल्यांदा रेबीजची लस टोचली. तोवर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की सुटका नव्हती, आणि ती रोखण्याचा खात्रीचा उपायही नव्हता.

पण या कलमाचा खरा कणा चांदी नाही, ताकीद आहे. कारभाऱ्यांनी आधी कळवलेच नसेल तर काय, याबद्दल पट्टिका गप्प आहे. मालकाला ठाऊक होते काय, हा प्रश्न तेव्हापासून कायद्याच्या मानगुटीवर बसला तो उतरलाच नाही.

आपल्याकडे याज्ञवल्क्य स्मृतीने निराळी वाट धरली. सुळ्यांच्या किंवा शिंगांच्या जनावराने कोणाला धरले असता, सोडवण्याचे सामर्थ्य असूनही मालकाने सोडवले नाही, तर त्याला ‘प्रथम साहस’ हा दंड. आणि संकटातल्या माणसाने हाक मारूनही तो हलला नाही तर दुप्पट. येथे मालकाच्या पूर्वज्ञानाची चौकशी नाही. त्या क्षणी तो काय करीत होता, एवढेच पाहिले आहे. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याण नगरीत ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली.

इंग्लंडने मात्र ज्ञानाचाच धागा घट्ट धरला. तेथील सामान्य कायद्यानुसार, कुत्रा स्वभावतःच चावरा आहे हे मालकाला आधीपासून माहीत होते, असे जखमी माणसाने सिद्ध करावे लागे. ‘प्रत्येक कुत्र्याला एक चावा माफ’ ही म्हण यातूनच रूढ झाली. त्या पहिल्या चाव्याचा भोग ज्याच्या वाट्याला येई, त्याला न्यायालयात हात हलवीत परतावे लागे.

1865 मध्ये ब्रिटिश संसदेने ही अट काढून टाकली, पण कोणासाठी? मेंढ्या आणि गुरे यांच्यासाठी! कुत्र्याने मेंढी फाडली तर तिच्या धन्याला काहीही सिद्ध करावे लागत नसे. मूल फाडले तर त्याच्या बापाला मालकाचे पूर्वज्ञान सिद्ध करावे लागे. संसदेत जमीनदारांचे वजन किती होते, हे वेगळे सांगायला नको. माणसासाठी ही अट 1971 च्या प्राणी कायद्यापर्यंत टिकली, आणि त्या कायद्यातही ती पूर्णपणे गेली नाही.

दरम्यान 1860 च्या भारतीय दंड संहितेने कलम 289 मध्ये ‘जाणूनबुजून’ या शब्दाला ‘किंवा निष्काळजीपणाने’ अशी जोड दिली होती. त्यामुळे केवळ ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणून मालकाची सुटका होत नाही. मात्र त्या जनावरापासून जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका ‘संभाव्य’ होता, हे दाखवावे लागतेच. आणि ते दाखवताना या कुत्र्याबद्दल पूर्वी कोणी तक्रार केली होती का, हा एश्नुन्नाचा प्रश्न पुन्हा विचारला जातो. 1 जुलै 2024 पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत 291 क्रमांकाने आले आहे. कैद तीच, जास्तीत जास्त सहा महिने. दंडाची मर्यादा तेवढी 1,000 रुपयांवरून 5,000 झाली, तीही 164 वर्षांनी.