टेम्प्लेट, नावं आणि कँप नंबर चार

परवा ऑफिसात व्हिज्युअल स्टुडिओचं एक मल्टी-प्रोजेक्ट टेम्प्लेट बनवत होतो. एका सोल्यूशनमध्ये चार प्रोजेक्ट. सोल्यूशनला नवीन नाव दिलं, पण चारही प्रोजेक्टना त्याचा पत्ताच नाही! कारण 'प्रोजेक्टचं नाव' विचारलं की प्रत्येक पोरगं स्वतःचंच नाव सांगतं. आईबापाचं नाव हवं असेल तर व्हेरिएबलच्या आधी 'एक्स्ट' हा उपसर्ग लावावा लागतो. हे कळेपर्यंत संध्याकाळ झाली.

अंबरनाथला उतरून बुवापाड्याकडे चालताना डोक्यात तेच. आणि एकदम वाटलं, अरे, हे तर आपल्या शेजारच्या गावात कधीच घडून गेलंय...

तर मंडळी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ लष्करी छावणी बांधली. साच्यातून काढल्यासारख्या बराकी, आणि भागांना नावं नाहीतच, नुसते नंबर. फाळणीनंतर सुमारे १ लाख सिंधी निर्वासित इथे आले. पिढ्यान्‌पिढ्यांचं घर सोडून आलेल्या माणसाचा नवा पत्ता काय, तर कँप नंबर अमुक, बराक नंबर तमुक!

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे नव्या नगराची पायाभरणी केली. जवळच्या उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. टपालखात्याने ते खालपर्यंत पोचवलंसुद्धा: उल्हासनगर-१ ते उल्हासनगर-५, पिन ४२१००१ ते ४२१००५. पण रिक्षावाल्याला 'उल्हासनगर-४' सांगून बघा. तो विचारणार, "म्हणजे कँप नंबर चार ना?" लष्कर जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याचं व्हेरिएबल अजून लोकांच्या तोंडी आहे.

म्हणजे नंबर लष्कराने दिला, नाव सरकारने. मग लोकांचं स्वतःचं काय? ते बघायचं तर १९६५ सालचं चांदीबाई कॉलेज बघा. ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव आहे हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड. गाव सीमेपलीकडे राहिलं, पण त्याचं नाव पोरांच्या मार्कशीटपर्यंत पोचलं. 'एक्स्ट' उपसर्ग म्हणजे दुसरं काय हो?

आपण म्हणतो, नावात काय आहे, रीनेम करून टाकू. पण सीमेपलीकडून आलेल्या त्या माणसांना विचारा. सगळं मागे राहिल्यावर बरोबर आणता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

असो. टेम्प्लेट चाललं एकदाचं.