आगोटीचा बाजार

रत्नागिरीत ढकलगाडी घेऊन, आपल्या हाताने वस्तू उचलायच्या मोठ्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा जून चालू होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत कांदे, गूळ, मीठ, डाळी लख्ख उजेडात मांडून ठेवल्या होत्या. मला आई आठवली. भर पावसात कांदे आणायला निघालेला माणूस तिच्या मते एक तर आळशी, नाहीतर कफल्लक.

कारण आमच्याकडे खरा बाजार व्हायचा तो आगोटीला. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. मृगाआधी मिरच्या, मीठ, सुकी मासळी, रॉकेल, जळाऊ लाकडे असे चार महिन्यांचे सामान घरात आलेच पाहिजे. कांद्याच्या माळा वाशाला टांगल्या जात. हौस म्हणून कोणी हे करत नव्हते. रत्नागिरीचा व्यवहार मुंबईशी आणि मुंबईची वाट समुद्रातून. आगबोट दूर उभी राही, माणसे आणि माल पडावांतून उतरत. पावसाळ्यात बोटी बंद. नारळी पौर्णिमेनंतर दर्या मोकळा व्हायचा. पाठीशी सह्याद्री, कोल्हापूरचा गूळ आंबा घाटाने यायचा, पण पावसात घाटाचा भरवसा काय?

पैसाही मुंबईहूनच येई. गिरणीतल्या मुलाची मनीऑर्डर आली नाही म्हणून आगोट थांबत नसे. तेव्हा उपयोगी पडे ती दुकानदाराची वही. वहीने कुटुंबे तगवली हे खरे, पण वहीत नाव असलेला माणूस भावाची घासाघीस कुठल्या तोंडाने करणार? देईल ते, सांगेल त्या दराने घ्यायचे. उधारी राजालाही चुकली नाही. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. इंग्रजांच्या पेन्शनीत त्याचे भागेना. त्याने बरोबरची जवाहिरे विकली, तरी देणी राहिलीच.

पुढे बोटी बंद पडल्या आणि एस.टी.चे राज्य आले. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आगोट हा शब्दच पोरांना परका झाला.

इकडे रेल्वे आली, तेव्हा मनीऑर्डरीचा झरा आटला होता. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. १९९९ मध्ये हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ उघडले, तेव्हा सुरुवातीला आत जायला क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवावा लागे, नाहीतर तिकीट काढावे लागे. ज्यांच्या पगारावर आमची आगोट भरली, त्या चाकरमान्यांपैकी किती जणांजवळ तेव्हा यातले काही होते?

त्या मानाने आमच्या इथले मोठे दुकान उदार. अनवाणी म्हाताऱ्यालाही कोणी अडवत नाही. वस्तूवर किंमत छापलेली असते, मिंधेपणा नाही. मला ते मनापासून आवडते. फक्त तिथे वही नाही, आणि रोजचा ट्रक आला नाही तर दोन दिवसांत फळ्या रिकाम्या दिसू लागतात.

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडाले. वाशिष्ठीच्या पुरामुळे रेल्वे थांबली, घाटात दरडी आल्या. त्या संध्याकाळी मी राम आळीतल्या जुन्या दुकानात गेलो. मालक माझ्याहून वयाने मोठे. मी पाकीट काढले, तसे ते म्हणाले, “पैसे राहू देत. आधी मीठ आणि कांदे न्या. घरी माळ बांधता येते ना कोणाला?”

मला बांधता येत नव्हती. त्यांनीच बांधून दिली.