१९९५ : काँग्रेसला हरवलं कुणी?

महाराष्ट्रात पहिलं बिगरकाँग्रेसी सरकार कधी आलं असं विचारलं, की जाणकार लगेच १९७८ सांगतात. पुलोद. बरोबरच आहे. पण पुलोद काही मतपेटीतून आलं नव्हतं. मार्चमध्ये बनलेलं वसंतदादांचं सरकार जुलैत आतूनच पडलं आणि ३७ वर्षांचे शरद पवार मुख्यमंत्री झाले. मतदारांनी मत देऊन काँग्रेसला मंत्रालयाबाहेर काढलं ते पहिल्यांदा १९९५ साली.

१४ मार्च १९९५. शिवाजी पार्कवर मनोहर जोशींनी शपथ घेतली, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. राज्य स्थापन होऊन ३५ वर्षं होत आली होती. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात 'सरकार' आणि 'काँग्रेस' हे दोन वेगळे शब्द आहेत हेच पोरांना माहीत नव्हतं. त्यामुळे तो दिवस मोठाच होता, त्यात वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या वाक्यावर. 'भगवी लाट आली आणि काँग्रेस वाहून गेली', असं आता सर्रास लिहिलं जातं. मंडळी, जरा आकडे बघा.

एकूण जागा २८८, बहुमताला १४५. शिवसेना ७३, भाजप ६५. बेरीज १३८. म्हणजे युतीला बहुमत नव्हतंच, सात कमी पडत होते. काँग्रेस १४१ वरून थेट ८० वर आली. मतं मात्र काँग्रेसला ३१ टक्के आणि युतीला, दोघांची मिळून, २९ टक्क्यांच्या आसपास. हरलेल्याला मतं जास्त, जिंकलेल्याला कमी.

मग बाकीची मतं गेली कुठं? अपक्षांकडे. जवळपास २४ टक्के! निवडून आलेले अपक्ष ४५. एवढे अपक्ष या राज्याने ना आधी पाहिले होते, ना नंतर पाहिले.

हे अपक्ष कोण होते, ते मुंबईत बसून कळत नाही. त्यासाठी साखर कारखान्याचं गेट बघावं लागतं. एका मतदारसंघात काँग्रेसचं तिकीट एकच. पण दावेदार किती? कारखान्याचा चेअरमन, जिल्हा बँकेचा संचालक, झेडपीचा माजी अध्यक्ष, बाजार समितीचा सभापती. सगळे काँग्रेसचेच, आणि प्रत्येकाची स्वतःची माणसं. आधी नाराजाला एखादं महामंडळ देऊन गप्प करता यायचं. पण १९९० लाच काँग्रेसला काठावरचं बहुमतही मिळालं नव्हतं, चार जागा कमी पडल्या होत्या. वाटायला उरलं कमी, मागणारे वाढले.

त्यात निवडणूक फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन गळीत हंगामात. शेतकऱ्याचा ऊस उभा आहे, तोडीची चिठ्ठी चेअरमनच्या हातात. गट ऑफिस, स्लिपबॉय, जीपगाड्या, सगळं तयार. अशा माणसाला पक्षाच्या चिन्हाची गरज काय? तो उभा राहिला. कुठे तो निवडून आला, कुठे पडला. पण पडताना त्यानं अधिकृत उमेदवाराची एवढी मतं खाल्ली की मधल्या मधे धनुष्यबाण किंवा कमळ निघालं. यातले कितीजण कुणाच्या इशाऱ्यावर उभे होते, याची चर्चा आमच्याकडे पारावर आजही रंगते. मी त्यात शिरत नाही.

म्हणून युतीचं काहीच कर्तृत्व नव्हतं असंही नाही. मुंबईतल्या दंगली आणि १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट यांनी शहरी मतदार हलला होता, मुंबई तर युतीनं जवळजवळ पुसून नेली. नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर आलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. बायका आणि पोरं. तिथून तीन महिन्यांत मतदान. खैरनार आरोप करत सुटले होते, मुंडेंची संघर्ष यात्रा राज्यभर फिरत होती. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू ही घोषणा सभांमध्ये टाळ्या घ्यायची. वर शेषन यांचा दंडुका. मतदान ७१ टक्क्यांच्या वर गेलं. तो आकडा त्यानंतर अजून गाठला गेलेला नाही. लोक चिडून बाहेर पडले होते हे खरंच. फक्त सगळे चिडून एका बाजूला गेले नाहीत.

आता सरकार बनवायचं तर अपक्ष पाहिजेत. आणि अपक्ष म्हणजे कालपर्यंतचे काँग्रेसवाले! इंदापूरचे हर्षवर्धन पाटील अपक्ष निवडून आले आणि युती सरकारात मंत्री झाले. काटोलचे अनिल देशमुख, तसेच. ज्यांच्याविरुद्ध मुंडे गावोगाव गरजले त्याच पठडीतली माणसं त्यांच्या शेजारी मंत्रिमंडळात बसली.

फुकट बसली नाहीत मात्र. पश्चिम महाराष्ट्रातल्या अपक्षांनी पाणी मागितलं. बच्छावत लवादानं कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिलं होतं, आणि ते २००० सालापर्यंत अडवायचं होतं. काँग्रेसच्या राजवटीत ते काम रेंगाळलं. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, बाजारातून कर्जरोखे काढून पैसा उभा केला गेला आणि दुष्काळी पट्ट्यातल्या उपसा योजनांना गती आली. त्या कर्जाचं आणि ठेकेदारीचं पुढे काय झालं ती वेगळी पोस्ट होईल. पण माझं मत विचाराल तर, एक रुपयाच्या झुणका-भाकरीपेक्षा आणि ४० लाख झोपडपट्टीवासीयांना फुकट घरं देण्याच्या वायद्यापेक्षा, ग्रामीण भागात १९९५ चा खरा परिणाम हा पाण्याचा होता. आणि तो घडवला सरकारच्या काठावर बसलेल्या आमदारांनी.

एन्रॉनचं सांगायलाच पाहिजे. ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला. जानेवारी १९९६ मध्ये नव्या वाटाघाटींतून तोच प्रकल्प परत आला. समुद्र होता तिथंच राहिला.

युतीनं कारखाने, बँका, दूध संघ मोडून काढले का? नाही. उलट मुंडेंनी स्वतःच परळीला वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना काढला. यात मी दोष देत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात टिकायचं तर हाताशी संस्था लागते हे त्यांनी ओळखलं. पण ज्यांना १९९५ मध्ये 'व्यवस्था बदलली' असं वाटलं होतं, त्यांना इथं थोडं थांबावं लागतं.

मतदाराचा राग किती टिकला तेही बघा. १९९६ च्या लोकसभेला राज्यात युतीला ४८ पैकी ३३ जागा. मग जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. १९९८ ला पवारांनी रिपब्लिकन गटांना बरोबर घेतलं, आणि एकट्या काँग्रेसला ३३. दोन वर्षांत पारडं पुरतं फिरलं. जानेवारी १९९९ अखेर जोशी गेले, नारायण राणे आले, आणि युतीनं मुदत संपायच्या आधीच निवडणूक घेतली. काँग्रेस फुटलीय, राष्ट्रवादी नवी आहे, आता आपलंच, असा हिशेब होता. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, सेना ६९, भाजप ५६. भांडलेले दोघे निकालानंतर एकत्र बसले आणि मुख्यमंत्री झाले विलासराव देशमुख. हेच विलासराव १९९५ ला लातुरात जनता दलाच्या उमेदवाराकडून पडले होते.

आणि ते अपक्ष? १९९९ ला निवडून आलेले अपक्ष जेमतेम डझनभर. बाकीच्यांना घरं मिळाली होती. अनिल देशमुख राष्ट्रवादीत गेले, २०१९ ला शिवसेनेच्या मुख्यमंत्र्यांचे गृहमंत्री झाले. हर्षवर्धन पाटील पुढे काँग्रेसमध्ये मंत्री, २०१९ ला भाजपत, २०२४ ला पवारांच्या राष्ट्रवादीत. सुरतेला आणि गुवाहाटीला आमदार गेले तेव्हा 'असं कधी पाहिलं नाही' म्हणणारे बरेच भेटले. त्यातले निम्मे १९९५ ला मतदार होते.