भिंतीचा अंगरखा

इतिहास शिकवण्यात माझी तीस-पस्तीस वर्षं गेली. किल्ले, लेणी, वाडे यांविषयी वर्गात भरभरून बोललो. पण भिंत म्हणजे काय, हे कळलं ते निवृत्तीनंतर, हातात थापी धरल्यावर.

निमित्त झालं आमच्या गावाकडच्या घराचं. परसातली भिंत मातीत रचलेल्या विटांची. तिचा जुना चुन्याचा गिलावा खरवडून आम्ही हौसेनं सिमेंटचा 'पक्का' गिलावा करून घेतला. पाच-सहा पावसाळ्यांत तो फुगला, ढलपे पडू लागले. आतल्या विटांचा बोटानं भुगा होत होता. गावातल्या एका वृद्ध गवंडीबाबांना भिंत दाखवली. ते म्हणाले, ''मास्तर, भिंतीला घाम येतो. त्याला वाट नको का?''

जमिनीतली ओल भिंतीत चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती उडून जाते. घट्ट सिमेंट तिला कोंडून धरतं आणि मग ओलीबरोबर आलेले क्षार विटेलाच खातात. बाबांचे हात आता चालत नव्हते. ''तुम्ही करा, मी बसून सांगतो,'' म्हणाले. म्हणजे पासष्टाव्या वर्षी मी उमेदवारीला लागलो.

कळीचा चुना पाण्यात टाकला की अक्षरशः उकळतो. डोळे सांभाळावे लागतात. निवल्यावर तो पाण्याखाली मुरत ठेवायचा. आम्ही महिनाभर ठेवला. मला तेवढाही धीर नव्हता. मग आठवलं, रोमन लेखक थोरल्या प्लिनीनं जुन्या बांधकामाच्या नियमाची नोंद केली आहे : तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरू नये. आपल्याकडे वाड्यांच्या बांधकामासाठी बैल जुंपून घाणीत चुना मळत, तोही याच सबुरीचा भाग.

एक भाग चुना, तीन भाग वाळू असा माल कालवला. पहिल्या दिवशी भिंत नीट भिजवली नाही. कोरड्या विटांनी मालातलं पाणी शोषून घेतलं आणि सकाळी सगळा गिलावा जमिनीवर. दुसऱ्या दिवशी थर जाड झाला, तो आपल्याच वजनानं खाली सरकला. तिसऱ्या दिवशी भिंत आदल्या संध्याकाळपासून भिजवली, थर बोटापेक्षा कमी ठेवला, सरळ फळीनं सारखा केला, लाकडी रंध्यानं घोटला. तो टिकला.

त्या मालात बाबांनी तागाचे बारीक तुकडे टाकायला लावले होते. तडे जाऊ नयेत म्हणून. तेव्हा अजिंठा आठवलं. तिथली चित्रं ज्या मातीच्या गिलाव्यावर आहेत, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. मी वर्गात चित्रांवर तास घेतले; चित्रांखालच्या गिलाव्यावर पाच मिनिटंही नाहीत!

सिमेंटला मी दोष देत नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिननं 1824 मध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे पोरबंदरला 1914 मध्ये उत्पादन सुरू झालं. धरणं, पूल त्यानं उभे केले. ते काही तासांत घट्ट होतं. चुना मात्र भट्टीत गमावलेला कार्बन डायऑक्साइड हवेतून सावकाश परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. चूक सिमेंटची नव्हती. मऊ भिंतीला आम्ही कठीण कपडा घातला, ही चूक आमची.

आणि कपडाच काढून घेतला तर काय होतं, ते जुन्या गोव्यात दिसतं. बॉम जेझसची बासिलिका 1605 मध्ये पवित्र करण्यात आली. तिच्या जांभ्या दगडावर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात तो उतरवला गेला, दगड उघडा दिसावा म्हणून. तेव्हापासून कोकणपट्टीचा पाऊस थेट जांभ्यावर बसतो आहे. 2020 मध्ये तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी दगड झिजत असल्याची चिंता जाहीरपणे मांडली आणि गिलावा परत करावा अशी मागणी केली. आज पर्यटकांना ती लाल इमारतच 'जुनी आणि खरी' वाटते. बांधणाऱ्यांनी मात्र ती तशी उघडी ठेवायची म्हणून बांधलेलीच नव्हती.

गिलावा म्हणजे शोभा, असं मी समजत होतो. खरं तर तो झिजण्यासाठीच असतो. त्यानं झिजायचं आणि भिंत राखायची.

पावसाळा संपल्यावर गावी गेलो. जमिनीलगतचा हातभर पट्टा खडबडीत झाला होता, थोडा माल गळला होता. माझं तोंड उतरलं. बाबांनी काठीनं तिथला गिलावा खरवडला आणि आतली वीट दाखवली. कोरडी ठणठणीत होती. ''चुना भिजवा,'' ते म्हणाले, ''एवढंच परत करायचं.''

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)